तिघांचा धंदा, एकाची गाडी, दुसऱ्याचा मळा

प्रश्न : आम्ही तिघे नाशिकचे. अंबडच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी दोन वर्षांपासून हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी, साल्हेर असे ट्रेक नेतो. माझ्या वर्गमित्राकडे सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे, तिचे कर्ज अजून फिटायचे आहे. मावसभावाचा दिंडोरी तालुक्यात वडिलोपार्जित द्राक्षमळा असून त्याने तिथे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. मावसभाऊ मळाही धंद्यात आणणार आणि पाच लाख रुपये रोखही घालणार आहे. सिंहस्थाच्या आधी तिघांनी मिळून सहलींचा धंदा रीतसर उभा करावा असे ठरले आहे. आमचे सीए म्हणतात, प्रायव्हेट लिमिटेड करा, वजन पडते. मुद्रांक विक्रेत्याने भागीदारीपत्राचा मसुदा करून दिला आहे, तो सोबत जोडत आहे. मावसभावाचे म्हणणे, सगळे वहिनीच्या नावावर ठेवू, महिलांच्या योजनेतून व्याज परत मिळते. एलएलपीबद्दलही ऐकले आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्राच्या आधी मी सोबतचा मसुदाच वाचला. त्याच्या तिसऱ्या कलमात पेढीचा उद्देश ‘कांदा, बटाटा, द्राक्षे व इतर शेतमालाची आडत करणे’ असा छापलेला असून ‘आडत’ या शब्दावर पेनाने काट मारून वर ‘टूर्स’ असे लिहिले आहे. कांदा मात्र जिथल्या तिथे राहिला आहे. पिंपळगाव किंवा लासलगावच्या एखाद्या व्यापारी पेढीसाठी कधीकाळी केलेला कागद पुन्हा पुन्हा वापरात येत तुमच्यापर्यंत पोहोचला, हे उघड आहे. हसून सोडून देण्यासारखी ही चूक आहे, कारण ती दिसते तरी. त्या मसुद्यात जे मुळी नाहीच, त्याची मला अधिक काळजी वाटते. नफा-तोटा समान राहील आणि भागीदार आपसांत सलोख्याने वागतील, यापलीकडे तो काही सांगत नाही. गाडी कोणाची, मळा कोणाचा, पूर्णवेळ राबणाऱ्याला काय मिळणार, एकाला बाहेर पडायचे झाले तर काय करायचे, यांपैकी एकाही प्रश्नाला त्यात ओळ नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला ते तपासून पाहता येईल. तुम्ही एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी, स्थापन करावी. मळ्याची जमीन तिच्यात अजिबात आणू नये. गाडी मित्राच्याच नावावर ठेवून ती संस्थेने त्याच्याकडून लेखी करारावर भाड्याने घ्यावी. आणि भागीदारांमधला करार नोंदणी अर्जाच्या आधी पूर्ण लिहून तयार ठेवावा. केवळ तिकिटे आणि हॉटेले आरक्षित करून दलाली मिळवण्याचा तुमचा बेत असता, तर साधी, पण नोंदणी केलेली भागीदारी पेढी पुरेशी आहे असे मी म्हटले असते. तुम्ही मात्र लोकांना हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांवर चढवणार आहात आणि घाटातून गाडीने फिरवणार आहात.

वहिनींच्या नावाचा विषय आधी संपवू. राज्य सरकारचे २०२३ चे ‘आई’ हे महिला पर्यटन धोरण खरे आहे आणि त्यात पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळण्याची तरतूदही आहे; पण व्यवसाय महिलेच्या मालकीचा आणि तिनेच चालवलेला असावा, ही त्यातली मूळ अट आहे. वहिनी खरोखरच मळ्यातल्या खोल्या, जेवण आणि पाहुण्यांची व्यवस्था पाहत असतील, तर तेवढा व्यवसाय त्यांनी स्वतःच्या नावाने वेगळा करावा आणि त्यासाठी योजनेत अर्ज करावा. त्यात गैर काहीच नाही. तिघांचा धंदा त्यांच्या नावामागे लपवणे मात्र त्यांच्यावर आणि तुमच्यावर सारखेच अन्यायाचे ठरेल. एकल मालकीत सगळे देणे त्यांच्या डोक्यावर येते, तर तुम्ही आणि तुमचा मित्र कायद्याच्या दृष्टीने फार तर त्यांचे नोकर ठरता. उद्या धंदा वाढल्यावर आपला तिसरा हिस्सा होता, हे तुम्हाला कशाच्या आधारावर सिद्ध करता येणार?

आता भागीदारी पेढीकडे येऊ, कारण तीच तुमच्या हातात जवळजवळ आलेली आहे. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यात पेढी आणि भागीदार ही दोन वेगळी माणसे मानलेली नाहीत. प्रत्येक भागीदार पेढीचा प्रतिनिधी असतो आणि पेढीच्या प्रत्येक देण्याला सर्व भागीदार एकत्रितपणे व स्वतंत्रपणेही जबाबदार असतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की, समजा तुम्ही नेलेल्या ट्रेकवर दोराची व्यवस्था न केल्याने कोणी जायबंदी झाला आणि ग्राहक आयोगाने किंवा न्यायालयाने बारा लाख भरपाई ठरवली, तर तो माणूस तुमच्या रिकाम्या खात्याच्या मागे लागत बसणार नाही; तो थेट मावसभावाकडून संपूर्ण बारा लाख मागू शकतो, कारण वसूल करण्याजोगी मालमत्ता त्याच्याकडेच आहे. नंतर मावसभावाने तुमच्याकडून तुमचा वाटा मागायचा, हा तुमच्या घरातला प्रश्न राहतो.

पेढी करायचीच असेल तर ती पेढ्यांच्या निबंधकाकडे नोंदवलेली असावी, याबद्दल आपल्याकडे विलक्षण गैरसमज आहेत. मुद्रांकावर सह्या केल्या, नोटरीचा शिक्का मारला, पॅन काढले, गुमास्ता घेतला, उद्यमचे प्रमाणपत्र छापून भिंतीवर लावले, म्हणजे पेढी नोंदली गेली असे समजणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. यांतल्या कशानेही पेढीची नोंदणी होत नाही. कायदा नोंदणीची सक्ती करत नाही, पण कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या पेढीला करारातून मिळायच्या पैशासाठी त्रयस्थावर दावा लावता येत नाही आणि भागीदारालाही करारातील आपला हक्क बजावण्यासाठी पेढीवर किंवा दुसऱ्या भागीदारावर दावा करता येत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन भागीदार आले होते. एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांची सहल त्यांनी दोन बसगाड्यांनी नेली, अर्धे पैसे आधी मिळाले आणि उरलेल्या अर्ध्यांसाठी वर्षभर हेलपाटे घातले. समोरच्यांच्या वकिलाने पहिल्याच पत्रात पेढीचा नोंदणी क्रमांक विचारला आणि तिथेच विषय थंडावला. नोंदणी नंतर करता येते, पण दावा दाखल करायच्या आधी ती झालेली असावी लागते आणि मुदतीचे घड्याळ तोवर थांबत नाही.

पेढीची दुसरी अडचण अशुभ वाटेल, तरी बोलायला हवी. करारात वेगळे लिहिलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. तुमच्या मसुद्यात वेगळे काहीही लिहिलेले नाही. शिवाय मुदत न ठरवलेली भागीदारी कोणताही भागीदार लेखी नोटीस देऊन संपवू शकतो. ऐन हंगामात, लोकांचे आगाऊ पैसे घेऊन झालेले असताना अशी नोटीस आली, तर काय होईल याची कल्पना तुम्हीच करा.

२००८ च्या कायद्याने आलेली एलएलपी ही भागीदारांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती असते. एक भागीदार गेला किंवा निवृत्त झाला तरी ती चालू राहते, मालमत्ता तिच्या स्वतःच्या नावावर असते आणि देणेही तिचे असते. तिचा भागीदार तिचा प्रतिनिधी असतो, दुसऱ्या भागीदाराचा नसतो. दुसऱ्याच्या चुकीसाठी तुमच्या घरादारावर हात घालता येत नाही. मात्र स्वतःच्या चुकीची जबाबदारी ज्याची त्याच्यावरच राहते, आणि हे वाक्य तुम्ही दोनदा वाचावे अशी माझी इच्छा आहे. ट्रेक तुम्ही नेता. हलगर्जीपणा तुमचा ठरला, तर एलएलपी तुम्हाला वाचवणार नाही. ती तुमच्या मावसभावाला वाचवेल. गाडीच्या अपघातातही नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव, तो मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्याकडेच आधी पाहिले जाते. तिथेही एलएलपीमुळे निश्चिंत होणारा माणूस तुमचा मित्र नसून मावसभावच आहे. फौजदारी गुन्ह्याचे तर बोलायलाच नको. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्याचा गुन्हा ज्या व्यक्तीच्या हातून घडला तिच्यावर दाखल होतो, मग लेटरहेडवर काहीही छापलेले असो.

तेव्हा या रचनेचा सर्वांत मोठा लाभार्थी तो आहे ज्याच्या नावावर सातबारा आहे. हे मी भांडण लावण्यासाठी सांगत नाही. नोंदणीचा आणि दरवर्षीच्या कागदपत्रांचा खर्च कोणी करायचा यावर तिघांत कुरबूर होणार आहे, कारण साधी पेढी स्वस्त पडते; त्या वेळी हा खर्च त्याच्या पाच लाखांतून पहिल्यांदा जाणे रास्त आहे, हे तुम्हाला शांतपणे सांगता यावे. तुम्ही आणि मित्राने मात्र आपले संरक्षण विम्यात शोधावे. प्रत्येक सहलीसाठी समूह अपघात विमा, संस्थेसाठी त्रयस्थांच्या दायित्वाचा विमा आणि गाडीचा प्रवासी वाहतुकीचाच विमा, या तीन गोष्टी तुमच्या दोघांसाठी एलएलपीहून मोलाच्या आहेत. सहभागी लोकांकडून ‘माझ्या जबाबदारीवर येत आहे’ अशी सही घेण्याची पद्धत आहे, ती जरूर चालू ठेवा, पण तुमची निष्काळजी सिद्ध झाली तर त्या कागदाच्या भरवशावर सुटका होईल असे समजू नका. त्याच ओघात सांगतो की राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार ट्रेक नेणाऱ्या संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती आता तुमच्या एकट्याच्या नावाने न करता नव्या संस्थेच्या नावाने करा.

बँकेबद्दल एक सावधगिरी. एलएलपीने कर्ज काढले की बँक बहुधा सर्व भागीदारांची वैयक्तिक हमी मागते, आणि त्या हमीपत्रावर सही केली की तेवढ्या कर्जापुरती मर्यादित जबाबदारी अमर्याद झाली असे समजावे. दुसरी गाडी घ्यायचा मोह सिंहस्थाच्या तोंडावर होईल, तेव्हा हे आठवावे.

तुमच्या सीएंनी सुचवलेली प्रायव्हेट लिमिटेड वाईट नाही, पण ती तुमच्या मापाची नाही. उलाढाल कितीही लहान असली तरी कंपनीचे लेखापरीक्षण सक्तीचे असते, संचालकांच्या सभा आणि त्यांची इतिवृत्ते ठेवावी लागतात, आणि वार्षिक विवरणपत्रांना उशीर झाला तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला शंभर रुपये भरावे लागतात. बाहेरचा गुंतवणूकदार भाग घेऊन येणार असेल किंवा नफा न काढता वर्षानुवर्षे धंद्यातच गुंतवायचा असेल, तर तिचा विचार करा. सवलतीच्या पर्यायात तिच्यावरील आयकर सर्व मिळून सुमारे २५.१७ टक्के पडतो, मात्र पुढे लाभांश काढला की तो घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. वजन पडते हे काही अंशी खरे असेल. पण जो माणूस कुटुंबाला घेऊन त्र्यंबकेश्वरला येणार आहे, तो गाडी स्वच्छ आहे का आणि फोन उचलला जातो का, हे पाहतो.

एलएलपीचा सोपस्कार कंपनीपेक्षा हलका आहे. वार्षिक विवरण ३० मेपर्यंत आणि लेख्यांचे विवरण ३० ऑक्टोबरपर्यंत ऑनलाइन भरायचे, आयकर विवरणपत्र वेगळे. वर्षभरात एकही सहल निघाली नाही तरी हे चुकत नाही. कायद्यानुसार लेखापरीक्षण तेव्हाच लागते जेव्हा वार्षिक उलाढाल ४० लाखांपलीकडे किंवा भागीदारांचे योगदान २५ लाखांपलीकडे जाते.

करांच्या बाबतीत पेढी आणि एलएलपी यांच्यात दराचा फरक नाही. दोन्हींवर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आयकर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के लागतो. व्यक्तीला मिळते तशी शून्य कराची पायरी इथे नसते. म्हणूनच काम करणाऱ्या भागीदाराचे वेतन आणि भांडवलावरचे व्याज करारात नीट लिहिणे महत्त्वाचे ठरते, कारण ठरावीक मर्यादेत ते संस्थेच्या नफ्यातून वजा होते. आकडे घेऊन पाहू. समजा वर्षाचा नफा नऊ लाख झाला. मावसभावाच्या पाच लाखांवर १२ टक्क्यांनी, म्हणजे कायद्याने मान्य केलेल्या कमाल दराने, ६०,००० रुपये व्याज दिले की ८,४०,००० उरतात. करारात वेतनाचा उल्लेखच नसेल तर या रकमेवर २,६२,०८० रुपये कर बसेल. तुम्हाला महिना २५,००० आणि मित्राला महिना १२,००० वेतन लिहिलेले असेल, तर ४,४४,००० वजा होऊन ३,९६,००० उरतील आणि कर १,२३,५५२ होईल. सध्याच्या मर्यादेनुसार पहिल्या सहा लाख नफ्याच्या ९० टक्के आणि उरलेल्याच्या ६० टक्के, म्हणजे या उदाहरणात ६,८४,००० पर्यंत वेतन चालले असते, तेव्हा आपण बरेच आत आहोत. वेतन तुमच्या वैयक्तिक उत्पन्नात धरले जाईल, पण २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. वर्षाला भागीदाराला दिलेले वेतन आणि व्याज मिळून वीस हजारांवर गेले की एप्रिल २०२५ पासून संस्थेने १० टक्के कर कापून भरायचा असतो, एवढे ध्यानात ठेवा. तो विवरणपत्र भरून परत मिळवता येतो. मावसभाऊ प्रत्यक्ष कामात नसेल, तर त्याला वेतन दाखवून ही वजावट घेता येणार नाही.

जीएसटीबाबत नवे लोक नेहमी एका ठिकाणी फसतात. सेवा देणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीची आहे, आणि सहल तुमच्या नावाने विकली की उलाढाल म्हणजे पाहुण्यांनी दिलेली संपूर्ण रक्कम. तुमच्या हाती शेवटी काय उरले, हा मुद्दा नसतो. सोळा जणांची दोन दिवसांची सहल माणशी ३,५०० रुपयांना गेली की एका फेरीचे ५६,००० होतात आणि वर्षात अशा चाळीस फेऱ्या म्हणजे २२,४०,००० रुपये. आज तिघांची बिले वेगवेगळी असल्याने कोणीच मर्यादा ओलांडत नाही. एकत्र आलात की ओलांडाल. तेव्हा पहिल्या हंगामाचे दरपत्रक छापताना कर धरूनच छापा.

आता जमीन. तुमच्या पत्रात ‘मावसभाऊ मळाही धंद्यात आणणार’ असे एक वाक्य आहे, ते मला अस्वस्थ करून गेले. महाराष्ट्रात शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे हस्तांतरित करण्यावर कूळकायद्याने निर्बंध आहेत, आणि एलएलपी ही स्वतंत्र व्यक्ती असल्याने, तिचा एक भागीदार शेतकरी आहे एवढ्याने ती शेतकरी होत नाही. शिवाय रोख सोडून मालमत्तेच्या रूपाने योगदान आणले तर तिच्या बाजारभावावर खरेदीखतासारखे मुद्रांक शुल्क लागते, आणि जमीन वडिलोपार्जित असल्याने भावंडांचा हक्कही त्यात गुंतलेला असणार. संस्थेचे देणे थकले तर आजोबांनी लावलेला मळा लिलावाच्या यादीत जाईल, हे वेगळेच. जमीन आणि खोल्या मावसभावाकडेच राहू द्या. कृषी पर्यटन केंद्राची नोंदणीही त्यानेच शेतकरी म्हणून स्वतःच्या नावाने करावी. २०२० च्या राज्य धोरणात त्याची सोय आहे. तुमच्या एलएलपीने त्याच्याकडून पाहुण्यामागे किंवा खोलीमागे दर ठरवून सेवा घ्यावी आणि त्याचा लेखी करार करावा. द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत, जानेवारी ते मार्चमध्ये, पाहुण्यांना मळ्यात फिरता येईल का, फवारणीच्या दिवशी आरक्षणे बंद ठेवायची का, हे त्या करारात लिहा. दिंडोरीतल्या माणसाला मी हे सांगणे म्हणजे आगाऊपणा आहे, पण आरक्षण घेणारे तुम्ही असणार.

गाडीचाही न्याय हाच. तिच्यावर कर्ज आहे, परवाना मित्राच्या नावाने आहे, आणि ती संस्थेच्या नावावर करायची तर कर्ज देणाऱ्याची संमती, परवान्याचे हस्तांतरण आणि विम्याची बदली एवढे सारे करावे लागेल. तिने वर्गमित्राचे भांडवल म्हणून कागदावर यावे, असा आग्रह धरू नका. किलोमीटरमागे दर, किमान दिवसभाडे, डिझेल आणि टोल कोणाचा, चालकाचा भत्ता किती, आणि संस्थेच्या सहली नसतील त्या दिवशी त्याने लग्नाचे वऱ्हाड घेऊन जायला हरकत आहे की नाही, एवढे लिहिले की पुरे. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. वैशाख येऊ द्या, मग कळेल.

भागीदारांमधल्या करारात समान हिस्सा लिहावा की नाही, असे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण पत्रभर ते जाणवते. करारात काहीच नसेल तर एलएलपीच्या कायद्यातील पहिली अनुसूची लागू होते, आणि तिच्यानुसार नफा-तोटा समान, निर्णय बहुमताने, आणि काम केल्याबद्दल कोणत्याही भागीदाराला मोबदला नाही. १९३२ च्या कायद्याचीही रीत हीच. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस राबणारे तुम्ही आणि महिन्यातून एकदा हिशेब बघणारा भागीदार यांना सारखेच मिळणार. नफ्याचा हिस्सा समान ठेवायला माझी हरकत नाही, उलट तिघांत तो सोयीचा असतो; पण त्याआधी श्रमाला वेतन, पैशाला व्याज, गाडीला भाडे आणि खोल्यांना दर असे प्रत्येकाचे वेगळे देऊन टाका, आणि मग जे उरेल ते समान वाटा. उचल महिन्याला किती करता येईल, याची मर्यादाही लिहा.

आगाऊ रकमांबद्दल स्वतंत्र कलम हवे. ऑक्टोबर २०२६ मध्ये सिंहस्थाचे ध्वजारोहण आहे आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नाने. परराज्यांतले गट महिने महिने आधी पैसे पाठवतील. स्नानाच्या दिवशी वाहने शहराबाहेरच अडवली जातात, हे नाशिककरांनी २०१५ मध्ये पाहिले आहे, आणि तुमच्या गाडीला पंचवटीपर्यंत जाता आले नाही म्हणून परतावा मागणारे लोक असणारच. सहल पार पडेपर्यंत तो पैसा तुमचा नाही, तो देणे आहे. त्यासाठी वेगळे बँक खाते ठेवा, त्यातून रक्कम काढायला दोन सह्या लागतील असे बँकेला कळवा, आणि परताव्याचे नियम पावतीवरच मराठी व हिंदीत छापा. कोणता भागीदार किती रकमेपर्यंत एकट्याने सौदा पक्का करू शकतो, हेही ठरवा. मात्र ती मर्यादा ज्या ग्राहकाला माहीत नाही त्याच्यावर बंधनकारक नसते, म्हणून भाव नेहमी लेखी आणि एकाच क्रमांकावरून जाऊ द्या.

बाहेर पडण्याच्या कलमात किती महिन्यांची नोटीस, हिस्स्याची किंमत कोण आणि कशी ठरवणार, ती किती हप्त्यांत द्यायची, मृत भागीदाराच्या वारसांना पैसे मिळतील की भागीदारी, आणि बाहेर पडलेल्याने तोच धंदा नाशिकमध्ये किती काळ करायचा नाही, एवढे असावे. वाद झाला तर आधी कोणाकडे जायचे त्या लवादाचे नाव तिघांच्या संमतीने आजच लिहा, कारण भांडण झाल्यावर एका नावावर तिघांचे एकमत होत नाही.

काही लोक तुम्हाला सुचवतील की वर्षभर साधी पेढी चालवा आणि जमले तर एलएलपीत रूपांतर करा. कायद्यात तशी वाट आहे. पण रूपांतराआधीच्या देण्यांची वैयक्तिक जबाबदारी रूपांतरानंतरही सुटत नाही, आणि पॅन, जीएसटी, बँक खाते, पर्यटन संचालनालयाची नोंदणी हे सारे पुन्हा करावे लागते. तुमच्या बाबतीत ती धावपळ नेमकी सिंहस्थाच्या हंगामात येईल. तेव्हा आताच करा. एलएलपीची नोंदणी झाल्यापासून तीस दिवसांत भागीदारांचा करार दाखल करावा लागतो. करार नंतर बघू म्हणणारे तिसाव्या दिवशी कुठलातरी छापील नमुना उचलतात, म्हणून आधी कराराच्या मसुद्यावर तिघांची सहमती करा, मग नावासाठी अर्ज करा.

राहता राहिला तुमचा फोन. तुमच्या पत्राच्या माथ्यावर जो मोबाइल क्रमांक आहे, तोच तुमच्या सहलींच्या जाहिरातीवर आहे आणि इन्स्टाग्रामचे पानही त्यावरच उघडलेले आहे, असे पत्रावरून दिसते. दोन वर्षांत जमलेले ग्राहक, त्यांचे अभिप्राय, छायाचित्रे हे सगळे त्या एका सिमकार्डात आहे, आणि तिघांच्या एकूण भांडवलात मळा व गाडी सोडली तर त्याहून मौल्यवान वस्तू मला दिसत नाही. ती तुम्ही संस्थेला देणार असाल तर तिची किंमत तुमच्या योगदानात धरली जावी असे म्हणायला संकोच करू नका, आणि देणार नसाल तर ते आताच मोकळेपणाने सांगून संस्थेसाठी नवा क्रमांक घ्या. मधली वाट, म्हणजे क्रमांक माझा पण वापर सगळ्यांचा, तेवढी मात्र ठेवू नका. तुमचा मसुदा समासात टिपणे लिहून परत पाठवत आहे. त्यातले पहिले टिपण तिसऱ्या कलमातल्या कांद्याबद्दल आहे आणि शेवटचे या सिमकार्डाबद्दल.